कॅरमची पिशवी: संभाव्यतेची तिसरी नोंद

पिशवी तीच, आईच्या जुन्या साडीची. आत १९ सोंगट्या: ९ पांढऱ्या, ९ काळ्या, एक राणी. न बघता दोन काढायच्या, पहिली परत टाकायची नाही, वहीत खूण करायची. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत पावसाळाभर हेच चाललंय.

आधी हिशोब. एकूण जोड्या १७१. हे मोजायला मी 'लीलावती'तली रीत वापरते: वर उतरते आकडे, खाली चढते, म्हणजे १९ × १८ भागिले १ × २. दोन्ही पांढऱ्या असलेल्या जोड्या ३६, म्हणजे ४/१९. दोन्ही काळ्याही तितक्याच. एक पांढरी एक काळी ८१, म्हणजे ९/१९. राणी असलेल्या १८, म्हणजे २/१९. चारही मिळून बरोबर १९/१९! हे जुळलं तेव्हा मी वही घेऊन शेजारच्या खोलीत दाखवायला गेले.

दुसऱ्या खेपेला राणी येण्याची शक्यताही १/१९ च, यावर मात्र बरेच दिवस अडले होते. पहिली सोंगटी काढल्यावर १८ उरतात, मग १/१८ का नाही? कारण त्यासाठी पहिली राणी नव्हती हे आधी कळायला हवं: १८/१९ × १/१८. त्याहून सोपं म्हणजे सगळ्या १९ सोंगट्या काढून ओळीत मांडल्या, तर राणी त्या ओळीत कुठल्याही जागी सारख्याच शक्यतेने बसेल. दुसऱ्या जागेला पहिलीपेक्षा काहीच वेगळं नाही.

पण पहिल्या २०० फेऱ्यांत राणी ३१ वेळा आली. अपेक्षा साधारण २१ ची. असा फरक नुसत्या नशिबानेही पडू शकतो, म्हणून मी कागदावरचं गणित पुन्हा पुन्हा तपासत बसले. चूक भाचीने पकडली. ती यंदा दहावीला आहे. डोळे मिटून हात घातला आणि म्हणाली, "मावशी, राणी हाताला जाड लागते गं." खरंच होतं. मूळची हरवल्यावर मी सुटी राणी आणली होती, आणि नकळत बोटं तिच्याकडे वळत होती. दहावीच्या धड्यात 'समसंभाव्य निष्पत्ती' असा शब्द आहे, म्हणजे भागाकार चालायला प्रत्येक सोंगटी हाती येण्याची शक्यता सारखी हवी. भागाकार तिला आधीपासून येत होता, पण ती अट तिच्या बोटांना माझ्याआधी कळली.

आता त्याच संचातली एक जादा पांढरी सोंगटी लाल मार्करने रंगवलीय. सगळ्यांना बोरिक पावडर चोळून पुसलं, म्हणजे गुळगुळीतपणाही सारखा. नव्या २०० फेऱ्या: राणी २२, मिश्र ९६, पांढऱ्या ४३, काळ्या ३९. अपेक्षा अनुक्रमे २१, ९५, ४२, ४२ च्या जवळ.

पहिली सोंगटी परत टाकली तर काय फरक पडतो, हे मात्र या पिशवीत दिसणार नाही. दोन पांढऱ्यांची शक्यता ७२/३४२ वरून ८१/३६१ होते, २०० फेऱ्यांत जेमतेम तीनांचा फरक. म्हणून पिशवी लहान केली: दोन पांढऱ्या, दोन काळ्या. न टाकता १/६, टाकून १/४. कालपासून न टाकता ६० फेऱ्या झाल्या, दोन्ही पांढऱ्या ११ वेळा. आज रात्री भाची परत टाकून ६० काढणार आहे.