तुम्ही विचारलंत म्हणून: मूडवरची गोळी

मी मेडिकलच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. डोकेदुखी, अ‍ॅसिडिटी, खोकला यांच्या जोडीला काउंटरवर एक मागणी हमखास येते: "ताई, आज अगदी नको नको झालंय. मूड ठीक व्हायला काही आहे का हो?" निम्मे थट्टेने विचारतात, उरलेले थट्टेच्या आडून.

एका वाईट दिवसावर गोळी नाही. नैराश्यावरची औषधं आहेत, पण ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि त्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आजची संध्याकाळ आपली आपणच निभवायची असते.

"मग तुम्ही काय करता?" हा पुढचा प्रश्न. मी वाल सोलते. हसू नका. मोड आलेले वाल फ्रिजमध्ये असले तर ते कोमट पाण्यात टाकायचे, साल सैल झाली की एकेक चिमटीत धरून दाबायचा. सुळकन दाणा बाहेर येतो, कधीकधी ओट्यापलीकडे उडतो. मोड तुटू द्यायचा नाही, एवढीच अट. एका हाताला सालींचा ढीग, दुसऱ्या हाताला बिरड्यांचं पातेलं. दिवसभरात कोण काय बोललं ते डोक्यात चालूच असतं, पण त्याचा आवाज बारीक होतो. वर रात्री बिरड्याची उसळ मिळते ती वेगळीच.

वालच हवेत असं नाही. कपाटाचा एकच खण आवरा, सायकल पुसा. अर्ध्या तासात संपणारं आणि संपल्यावर डोळ्यांना दिसणारं काम हवं. "बरं वाटलं की उठते" म्हणून पडून राहिलं की बरं वाटतच नाही. आधी उठायचं, बरं वाटणं मागून येतं. नैराश्याच्या उपचारातसुद्धा समुपदेशक पेशंटला अशी छोटी कामं ठरवून करायला लावतात. घरी येताना एक स्टॉप आधी उतरून चालणं हेही त्यातलंच. मोबाइल मात्र पिशवीत. "सकारात्मक विचार करा" छापाच्या फॉरवर्डने आजवर कोणाचा मूड सुधारलाय, देव जाणे.

चहाबद्दल थोडं बोलते, कारण वाईट दिवशी आपण सगळे चहावरच तुटून पडतो. शरीरातलं कॅफीन निम्म्यावर यायला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला कडक चहा घेतलात तर अकरा वाजताही त्यातलं निम्मं शिल्लक असतं. झोप बिघडते आणि उद्याचा दिवसही हातचा जातो. दुपारनंतर अर्धा कप पुरे. रात्री ज्या बहिणीशी किंवा मैत्रिणीशी गॅस सिलिंडरपासून सासूपर्यंत काहीही बोलता येतं, तिला फोन लावा. दुखणं उगाळायची गरज नसते.

पण दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर वाल सोलून भागायचं नाही. डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा झाला असेल तर तेवढंही थांबू नका. १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे; ती मोफत आणि चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. आणि औषधं सुरू झाली, तर महिन्याभरात बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका. दुसरी पट्टी न्यायला गिऱ्हाईक आलं नाही, की आम्हाला काउंटरमागे काळजी लागते.