वद्य द्वितीया, नैर्ऋत्येचा वारा

वैशाख वद्य द्वितीया. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला पूर्ण भरती. कोळीवाड्यात हा हिशेब पोरासोरांनाही येतो. आम्ही हौशी शिडवाले मोबाइलवरचे वाऱ्याचे रंगीत नकाशे बघत बसतो आणि त्यात ओहोटी दिसत नाही. पौर्णिमेनंतरचं उधाण असल्यामुळे साडेचारच्या सुमाराला मुंबई बंदरातलं पाणी सगळ्यात जोरात नैर्ऋत्येला बाहेर ओढलं जाणार. मेच्या मध्यावर दुपारचा खारा वाराही त्याच वेळी आणि त्याच दिशेकडून येतो. दोघे समोरासमोर भिडले की लाटा आखूड होतात, उभ्या होतात. पंधरा नॉटचा जो वारा भरतीवर मजा आणतो, तोच ओहोटीवर नकोसा होतो.

म्हणून धक्क्यावरच मोठ्या शिडाला रीफ घेतला, म्हणजे त्याचा खालचा भाग बांधून शीड लहान केलं. भाचा वैतागला. "मावशी, इथं तर पानही हलत नाहीये!" गेटवेपाशी हलणार कसं? कुलाब्याची सगळी जमीन आडवी आहे ना! वारा दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो, हे त्याने शाळेत घोकलंय. पण दहाचे वीस नॉट व्हायला कुलाब्याचं टोक ओलांडण्याइतकाच वेळ लागतो. पुढे जाऊन, बोट थाडथाड आपटत असताना, शीड खाली घेऊन खालची कडी आकड्यात अडकवायची, मागची दोरी ताणायची, लोंबणारं कापड बूमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याला, बांधायचं... हे सगळं ओल्या हातांनी करायला मला आवडत नाही. रीफ सोडणं कधीही सोपं.

टोक सुटलं आणि पाणी बदललं. वाऱ्याचा झोत येण्याआधी दिसतो. पाण्यावर काळसर, सुरकुतलेला पट्टा सरकत येतो. तो पोचायच्या आत शीट, म्हणजे शीड ताणणारी दोरी, किंचित सैल करायची, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे जराशी वळवायची आणि दोघांनी वरच्या काठावर बाहेर झुकायचं. भाच्याने जिबची, म्हणजे पुढच्या लहान शिडाची, शीट क्लीटच्या पकडीत अडकवून टाकली होती. मी काढायला लावली. माझ्या मते जोरदार वाऱ्यात शीट क्लीटला अडकवणं म्हणजे स्कूटरचा ब्रेक बांधून ठेवण्यासारखं आहे. हात दुखले तर दुखू देत.

लाटांचं तंत्र वेगळं. चढावर थोडं वाऱ्याकडे, माथ्यावर पोचलं की लगेच थोडं बाजूला, म्हणजे बोट पलीकडे धपकन पडत नाही. भाचा सुकाणूचा दांडा घट्ट आवळून बसला होता. तासाभरात खांदे भरून आले तेव्हा त्याला हीव्ह-टू दाखवलं. जिब उलट बाजूला ताणलेली, मोठं शीड सैल, सुकाणूचा दांडा वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूला बांधलेला. बोट आपोआप शांत होते, हळूहळू सरकत राहते. आम्ही पाणी प्यायलो, लाडू खाल्ला. वारा ढकलतो त्या बाजूला मोकळं पाणी हवं एवढंच पथ्य.

प्राँग्जच्या दीपगृहाच्या अलीकडूनच वळलो. वारा पाठीमागून आला की सगळं एकदम सोपं वाटतं आणि मला त्याचीच धास्ती वाटते. पाठवाऱ्यात लाटेने मागची बाजू फिरवली की शीड फाडकन दुसऱ्या बाजूला जातं आणि बूम डोक्याच्या उंचीवरून येतो. दिशा बदलायची वेळ आली तेव्हा जाइब, म्हणजे पाठवाऱ्यातच शीड पलटवणं, केलंच नाही. नाळ वाऱ्यातून पूर्ण फिरवून टॅक घेतला. वेळ जास्त गेला, पाणीही अंगावर आलं.

धक्क्यावर चहा पिताना भाच्याचा प्रश्न: "उलटलो असतो तर पोहत गेटवे गाठलं असतं का?" अजिबात नाही. बोटीला धरून राहायचं. १९७९ च्या ऑगस्टमधली फास्टनेट शर्यत त्याला सांगितली. इंग्लंड-आयर्लंडच्या समुद्रात ३०३ बोटी निघाल्या आणि वादळात सापडल्या, १५ स्पर्धक गेले. माणसांनी सोडून दिलेल्या २४ बोटींपैकी फक्त ५ बुडाल्या. बाकीच्या नंतर मिळाल्या.

"मग लाइफ राफ्ट कशाला ठेवतात?"

"बोट खरंच पायाखालून गेली तर."

आपल्याकडे राफ्ट नाहीच, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. नांगर आहे, व्हीएचएफ रेडिओ आहे, पाणी उपसायची बालदी आहे. बालदीची दोरी मात्र विटलीये, उद्या बदलायची.