धुगधुगी

जुलैतली दुपार, बाहेर 44 अंश. दुबईतल्या आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात एक मराठी कुटुंब बुटांचं खोकं घेऊन आलं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाचे डोळे रडून सुजलेले. आई हळूच म्हणाली, "मॅडम, गेलाय बहुतेक. पण दाखवल्याशिवाय पुरू देत नाही हा."

आत लांबकानी हेजहॉग होता, पाठभर काटे असलेला छोटासा जीव. इजिप्तपासून मध्य आशियापर्यंतच्या कोरड्या मुलखातला प्राणी. मोठ्या कानांतून अंगातली उष्णता बाहेर टाकणारा. आणि हातात घेतला तर पोट फ्रीजमधल्या भाजीसारखं गार!

"हा ठेवता कुठे?"

"माझ्या खोलीत."

"रात्री एसी किती असतो?"

"अठरा," मुलगा म्हणाला. विकणाऱ्यानेच सांगितलं होतं म्हणे, वाळवंटातला आहे, गारव्यात ठेवा.

स्टेथोस्कोप लावला. काहीच नाही. मग एक ठोका. पुढचा येईपर्यंत मीच श्वास रोखून उभी. मिनिटभर मोजले, वीससुद्धा भरले नाहीत. जागेपणी हे काळीज मिनिटाला दोनशेच्या आसपास धावतं. पण धुगधुगी होती.

थंडी पडली की रानातला हेजहॉग बिळात झोपतो, पण त्याआधी खाऊन अंगावर चरबी साठवतो. घरातल्या तीनशे ग्रॅमच्या जिवाकडे ती शिदोरी नसते. एसीच्या गारठ्यात तो त्याच झोपेत जातो आणि कित्येकदा उठत नाही. मेला म्हणून असे किती पुरले गेले असतील, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, त्यावर तो, वरून माझा हात. घाई करायची नाही, गरम पाण्यात तर मुळीच बुडवायचं नाही. आईने विचारलं, "कोमट दूध पाजू का थोडं?" मी थांबवलं. बेशुद्ध प्राण्याच्या तोंडात घातलेलं फुप्फुसात जातं, आणि दूध तर यांना एरवीही पचत नाही, जुलाब होतात.

चाळीसएक मिनिटं गेली. आधी पाठीवरचे काटे हलले. मग नाकाचं ओलं टोक. मग मिटून पडलेला एक कान सावकाश उभा राहिला. मुलाने बोट पुढे केलं तसा तो जोरात फुसफुसला. एवढा गोड राग मी क्वचितच पाहिला असेल.

कातडीखाली कोमट सलाईन देऊन, संध्याकाळपर्यंत ठेवून घेऊन घरी पाठवला. पिंजऱ्यात 24 ते 28 अंश हवेत, एसीचा झोत अंगावर नको, रोज पोटाला हात लावून बघायचं, हे मुलाकडून वदवून घेतलं. खायला किडे आणि मांजराचं कमी चरबीचं कोरडं खाद्य. (आपल्याकडे कच्छ-राजस्थानात याचा भाऊबंद आहे, गुजरातीत शेळो. तो वन्यप्राणी आहे, कृपा करून कुणी घरी आणू नका.)

तिसऱ्या रात्री आईच्या फोनवरून व्हिडिओ आला. थर्मामीटरवर 26, आणि मागे चाकावर दोन लांब कान पळतायत.