शेतातली गॅस शेगडी: हुरड्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या नोंदी

मंडळी, बाहेर स्वयंपाक करणाऱ्यांच्या गप्पांत हमखास ऐकू येणारा सल्ला म्हणजे 'हाय प्रेशर लाव, विषय संपला', म्हणजे जास्त दाबाने गॅस सोडणारा रेग्युलेटर बसव. या हंगामात मी मुद्दाम उलट्या बाजूने गेलो. घरगुती दाबाचा रेग्युलेटर, दोन कड्यांचा बिडाचा बर्नर आणि पाच किलोची खुल्या विक्रीतली टाकी. घरची १४.२ किलोची टाकी घरच्या ओट्यासाठीच असते, ती शेतात न्यायची नाही हे आधीच ठरलं होतं. छोटी टाकी ओळखपत्र दाखवून मिळते आणि एका हाताने उचलता येते.

हुरड्याचे दिवस

सोलापूरला अक्कलकोट रोडला मित्राचं शेत आहे. हुरडा आगटीतच भाजायचा, त्यात गॅसने नाक खुपसायचं कारण नाही. गॅसवर बाजार आमटी, म्हणजे मिश्र डाळींची झणझणीत आमटी, आणि भाकरी. पण आगटी म्हणजे जमिनीतला खड्डा आणि त्यात निखारे. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत सरकत खोलगट जागा शोधतो. म्हणून टाकी आगटीपासून लांब, उंचवट्यावर आणि वारा टाकीकडून आगटीकडे नाही तर बांधाकडे जाईल अशी ठेवली. विहीर, चारी, शोषखड्डा यांच्याजवळही नाही. गच्चीवर करणाऱ्यांनी कठड्याकडे बघावं: चारही बाजूंनी बंद कठडा असेल तर ती गच्ची गॅससाठी परातच.

जोडणी झाली की साबणाचं पाणी. टाकीचं तोंड, नळीची दोन्ही टोकं, शेगडीची चावी, सगळीकडे ब्रशने फेस लावायचा आणि बुडबुडे येतात का ते बघायचं. काडी ओढून गळती शोधणारे अजूनही भेटतात, त्यांच्या शेजारी मी उभा राहत नाही. टाकीच्या तोंडातला रबरी वायसर जागेवर आहे ना, हेही रेग्युलेटर बसवण्याआधीच बघावं.

आता दाब. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबारवर गॅस सोडतो, टाकीच्या आतला दाब त्याच्या शंभरपटीहून जास्त असतो. हाय प्रेशर रेग्युलेटर लावला की जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोक), नळी, क्लिप, चावी असं सगळंच त्या दाबासाठी बनवलेलं लागतं. घरची केशरी सुरक्षा नळी कमी दाबाची आहे, तिच्यावर हाय प्रेशर रेग्युलेटरची चावी फिरवून दाब वाढवणं म्हणजे नळीवरच प्रयोग. आधी बर्नर ठरवा, मग त्याला चालणारा रेग्युलेटर घ्या. जोडणीला मधे अडॅप्टर किंवा दुसऱ्या नळीचा तुकडा नको.

उकळी का येईना

पहिल्या मोठ्या पातेल्याला मित्र विचारत होता, "काय बे, सकाळपर्यंत शिजणार का आमटी?" शंका रास्त होती. पण दोष दाबाचा नव्हता, वाऱ्याचा होता. ज्योत पातेल्याच्या एका कडेने बाहेर पळत होती. तेलाच्या डब्याचे पत्रे कापून तीन बाजूंनी आडोसा केला, खालून चार बोटं जागा हवेसाठी ठेवली, चौथी बाजू मोकळी. टाकी आडोशाच्या बाहेर. मग त्याच बर्नरवर आमटीला खळखळून उकळी आली. पत्रा बर्नरला सगळीकडून लपेटू नये, आत कोंडलेली उष्णता नळीवर आणि चावीवर उतरते. अति रुंद परात ठेवली तरी तेच होतं.

भाकरीत या सेटचं खरं सोनं झालं. मालदांडी ज्वारीच्या भाकरीला तव्यावर सगळीकडे सारखी आणि मंद आच लागते. हाय प्रेशरचा बर्नर बारीक होतच नाही, मधोमध काळा डाग आणि कडा कच्च्या. इथे बाहेरचं कडं बंद करून आतल्यावर भाकऱ्या उतरल्या. आम्हा सोलापूरकरांना भाकरी कडक चालते, जळकी चालत नाही.

टाकीवर दहिवर

थंडीत लक्षात आलेली दुसरी गोष्ट. बराच वेळ मोठी ज्योत चालली की टाकीच्या खालच्या भागावर ओल धरते आणि ज्योत मलूल होते, गॅस शिल्लक असूनही. आतल्या द्रवाचा वायू होताना तो टाकीचीच उष्णता घेतो, टाकी गार पडते, दाब घसरतो. लहान टाकीत हे लवकर जाणवतं. शिवाय आपल्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. प्रोपेन आधी निघून जातं, त्यामुळे टाकी संपत आली की थंडीत ज्योत आणखी बसते. उपाय म्हणजे ज्योत कमी करून थोडा दम देणं. टाकी गरम पाण्यात ठेवणं, शेगडीजवळ सरकवणं किंवा आडवी करणं, यातलं काहीही नको. आडवी केली तर द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो.

शिल्लक किती ते हलवून कळत नाही. टाकीवर रिकामं वजन लिहिलेलं असतं, ताणकाट्याला टांगून वजाबाकी करायची. तिथेच कडीच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यापैकी अक्षर आणि वर्ष असतं: डी-२७ म्हणजे २०२७ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत चाचणीची मुदत. मुदत टळलेली टाकी दारातूनच परत.

उन्हाळा

इथला उन्हाळा ४० च्या वर. टाकी सावलीत, उभी, हवेशीर. गाडीच्या डिकीत विसरायची नाही, पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नाही. नेताना काचा उघड्या, टाकी दोरीने बांधलेली, रेग्युलेटर काढून टोपी लावलेली.

बर्नर पडून राहिला होता, पुन्हा पेटवला तर ज्योत पिवळी. हवा मिसळणाऱ्या नळीत कोळ्याने जाळं केलं होतं. मऊ ब्रशने साफ केलं, ज्योत निळी झाली. जेट सुईने कोरू नका, भोक मोठं झालं की हवेचा हिशेब कायमचा बिघडतो. बंद करताना आधी रेग्युलेटर, नळीतला गॅस जळून गेला की मग चावी. ज्योत वाऱ्याने विझली तर चावी बंद करून वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. वास जातच नसेल तर टाकी बंद, माणसं लांब आणि १९०६ ला फोन.

पुढचं काम: बर्नरसाठी उंच, रुंद पायांचं लोखंडी स्टँड वेल्डरकडून करून घ्यायचं आहे, म्हणजे बर्नर टाकीच्या तोंडापेक्षा वर राहील आणि मोठं पातेलं डुलणार नाही. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, भज्जी (मिश्र भाज्यांची भाजी) त्याच्यावर करायची असं ठरलंय. कोणी असं स्टँड केलं असेल तर पायांमधलं अंतर किती ठेवलं ते सांगा.