तुम्ही विचारलंत म्हणून: कोठडीतल्या मारहाणीचा पुरावा आणता कुठून?

सभा झाल्यावर कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, नाहीतर रात्री उशिरा मेसेज येतो. प्रश्न जवळपास एकच असतो, की बंद दाराआड जे झालं त्याचा पुरावा तुम्ही आणता कुठून? पोलीस पोलिसाविरुद्ध बोलणार नाही, आरोपीवर कुणी विश्वास ठेवणार नाही, मग कोर्टासमोर ठेवता काय? विचारणारे बहुतेक आपल्या बाजूचेच असतात, त्यांना खरंच कळत नसतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

पुरावा असतो. भरपूर असतो. फक्त तो सगळा ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्याच कपाटात असतो. स्टेशन डायरी त्यांची, अटकेचा पंचनामा त्यांचा, लॉकअपचं रजिस्टर त्यांचं, कॅमेरे त्यांचे आणि मेडिकलला घेऊन जाणारी गाडी पण त्यांचीच. त्यामुळे आमचं निम्म्याहून जास्त काम म्हणजे या कागदांवरच्या वेळा एकमेकींशी ताडून बघणं. अटक कागदावर संध्याकाळची आणि शेजारच्या चौघांनी मात्र सकाळी उचलून नेताना बघितलेलं, मग मधले तास माणूस कुठे होता, हे एकदा विचारलं की खरी केस तिथून सुरू होते.

मेडिकलबद्दल जरा जास्त बोलते कारण सगळ्यात जास्त पुरावा तिथेच वाया जातो. तळपायावर मारलेलं असेल तर बाहेरून बघणाऱ्याला माणूस जरासा लंगडतोय एवढंच दिसतं, चप्पल काढून पाय वर कर असं डॉक्टरने सांगितलं नाही तर काहीच दिसत नाही. गोल काठीचा वळ दोन समांतर रेषांचा उठतो आणि मधली पट्टी फिकी राहते, कारण काठी जिथे बसते तिथलं रक्त दोन्ही बाजूंना ढकललं जातं आणि कडेच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. नुसतं पडून असा वळ येत नाही. हे डॉक्टरला माहीत असतं, पण तपासताना हवालदार दारात उभा असतो, मागे पेशंटची रांग असते आणि कागदावर एका ओळीत लिहिलं जातं की ताज्या जखमा नाहीत. काही दिवसांत तो वळ हिरवट, मग पिवळा होतो आणि नंतर दिसतच नाही, ती एक ओळ मात्र कायमची राहते.

मग रिमांड, म्हणजे कोठडी द्यायची का हे ठरवायला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात ती वेळ. मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? आरोपी म्हणतो, नाही. लोक मला विचारतात की बोलला का नाही तेव्हा. अहो, पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी मिळाली तर त्याला परत त्याच खोलीत जायचं असतं, तीच माणसं शेजारी उभी असतात! ते 'नाही' पुढे वर्षानुवर्षं त्याच्या विरोधात वाचून दाखवतात, आणि मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा येतो. त्या माणसाच्या अंगावरचा शर्ट वर करून बघायला कितीसा वेळ लागतो?

जुनी एक केस मी सगळ्यांना सांगते. ओडिशातल्या नीलाबती बेहेरांचा बावीस वर्षांचा मुलगा सुमन, १ डिसेंबर १९८७ ला पोलिसांनी नेला, दुसऱ्या दिवशी प्रेत रेल्वेच्या रुळाजवळ. पोलिसांचं म्हणणं, बांधलेला दोर दातांनी कुरतडून पळाला आणि ट्रेनखाली आला. आईने सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिलं, कोर्टाने तेच याचिका म्हणून घेतलं. आणि मग काय निघालं, तर जखमा ट्रेनच्या नाहीत, लाठीच्या माराशी जुळणाऱ्या आहेत, आणि दोराच्या तुकड्यांची टोकं एकमेकांशी जुळतच नाहीत असा फॉरेन्सिक रिपोर्ट आधीपासून फाईलमध्ये होता. १९९३ मध्ये कोर्टाने दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. म्हणजे पुरावा सरकारकडेच होता, फक्त आईने पत्र लिहीपर्यंत तो कुणी वाचला नव्हता.

१९९५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं की कोठडीतल्या मारहाणीला प्रत्यक्ष साक्षीदार क्वचितच मिळतो कारण पोलीस आपसातल्या बंधुभावाने गप्प बसतात, तेव्हा नेहमीसारखा काटेकोर पुरावा मागत बसू नका. त्याच्याही दहा वर्षं आधी, १९८५ मध्ये, कायदा आयोगाने ११३ व्या अहवालात सुचवलं होतं की कोठडीत इजा झाली असेल तर ती पोलिसांनीच केली असं कोर्टाला गृहीत धरता यावं, नाही म्हणायचं तर ते पोलिसांनी सिद्ध करावं. २०१७ च्या २७३ व्या अहवालात पुन्हा तेच सुचवलं. नवे फौजदारी कायदे आले तरी ते कलम आलेलं नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, त्याला मान्यता देणं अजून बाकी आहे, आणि २०१० मध्ये लोकसभेत पास झालेलं छळविरोधी विधेयक पुढे राज्यसभेत अडकून संपलं. आम्ही मोर्चात जी मागणी करतो ना, ती एवढीच आहे. पुरावा ज्याच्या हातात, सिद्ध करायची जबाबदारी पण त्याचीच.

कॅमेऱ्यांचं पण सांगते. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक पोलीस स्टेशनमध्ये आवाजासकट रेकॉर्ड करणारे सीसीटीव्ही लावा आणि फुटेज अठरा महिने जपा, तेवढी सोय नसेल तरी वर्षाच्या खाली नको. त्याच वर्षी जूनमध्ये तमिळनाडूच्या सातानकुलममध्ये जयराज आणि बेनिक्स हे बापलेक कोठडीतल्या मारहाणीनंतर वारले, तिथल्या सिस्टीमवरचं फुटेज रोजच्या रोज आपोआप पुसलं जाईल असं सेटिंग होतं. तरी केस उभी राहिली, कारण त्याच स्टेशनमधल्या एका महिला हेड कॉन्स्टेबलने मॅजिस्ट्रेटसमोर खरं ते सांगितलं. त्या बाईंच्या धैर्यापुढे मी कधीही हात जोडेन, पण दरवेळी अशी एक बाई तिथे ड्युटीवर असेल या भरवशावर न्याय कसा चालणार.

आपल्याकडे परभणीचा सोमनाथ सूर्यवंशी, लॉ चा विद्यार्थी. १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत असताना वारला, पोस्टमॉर्टेमच्या प्राथमिक मतात अनेक जखमांमुळे झालेला शॉक असं आलं. मॅजिस्ट्रेटच्या चौकशीने पोलिसांना जबाबदार धरलं. तरी एफआयआर नाही. आई औरंगाबाद खंडपीठात गेली, जुलै २०२५ मध्ये एफआयआरचा आदेश झाला, सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथे तो आदेश टिकला. एवढं सगळं नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला, खटला तर पुढेच.

म्हणून कुणाच्या घरातलं माणूस नेलं असा फोन आला की मी आधी धीर वगैरे नंतर देते, पहिलं सांगते की आत्ता किती वाजले ते लिहून ठेवा, नेणाऱ्यांपैकी कुणाची नेमप्लेट दिसली का, गाडीचा नंबर काय. लगेच एसपी किंवा पोलीस आयुक्तांना आणि मानवाधिकार आयोगाला ईमेल करा, दोन ओळी पुरतात, ईमेलवर वेळ आपोआप पडते आणि ती नंतर कुणाला बदलता येत नाही. मेडिकल रिपोर्टची कॉपी अटक झालेल्या माणसाला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला मिळायलाच हवी, तो कायदाच आहे, मागा. सुप्रीम कोर्टाच्या अटकेबद्दलच्या डी. के. बसू निकालाप्रमाणे कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी व्हायला हवी, तीही लेखी मागा. आणि फुटेजसाठी अर्ज द्याल तेव्हा नुसतं सीसीटीव्ही जपून ठेवा असं लिहू नका, कुठल्या स्टेशनचा, कुठला कॅमेरा, लॉकअपसमोरचा की दारातला की पीएसआयच्या खोलीबाहेरचा, कुठल्या तारखेला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, सगळं लिहा, आणि एक प्रत पोलिसांकडे, एक कोर्टात देऊन दोन्हीकडे पोच घ्या.