तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीच्या सीटखाली सोनं सापडतं का?

लग्नाची पंगत असो की वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातली गणपतीची आरती, मी गाड्यांच्या सीटा शिवते असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग वहिनी, जुन्या गाड्यांत काय काय सापडत असेल! कधी सोनंबिनं?" गुजराती गिऱ्हाईक एवढं लांबण लावत नाही. सीट बाहेर काढली की मान पुढे करून विचारतं, "बेन, कशुं नीकळ्युं?" म्हणजे, काही निघालं का?

सापडतं. सोनंसुद्धा सापडतं. फिरकीएवढं.

बाई मागच्या सीटवर डोकं टेकून डुलकी काढते, कानातलं सीटला घासत राहतं, फिरकी सैल होते आणि पाठ व बैठक यांच्यामधल्या फटीतून खाली जाते. कानातलं तेवढं कानात लोंबत राहतं म्हणून वाचतं. सोनार नवी फिरकी करून देतो, घरात दोन दिवस बोलणी होतात, विषय मिटतो. पंधरा वर्षांनी ती फिरकी माझ्या हाताला लागते तेव्हा गाडी तिसऱ्या मालकाकडे असते. आता ही द्यायची कुणाला? विचारणाऱ्यांना हा भाग ऐकायचा नसतो, पण माझा निम्मा त्रास यातच आहे.

आमचं दुकान वडोदऱ्यात, प्रतापनगरच्या बाजूला. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, ते काढलं तेव्हा काम सगळं फियाट आणि अँबेसेडरचं. फियाटचं नाव १९७४ मध्ये पद्मिनी झालं, पण अण्णा शेवटपर्यंत फियाटच म्हणायचे. त्या सीटा म्हणजे जवळजवळ घरातल्या गाद्याच. खाली स्प्रिंगांची जाळी, तिच्यावर गोणपाट, मग नारळाचा काथ्या, वर थोडा कापूस आणि सगळ्यावर रेक्झीन. काथ्या जुना झाला की त्याचा भुसा होतो आणि पडलेली वस्तू त्या भुशात मुरत जाते. नंतरच्या गाड्यांत अखंड फोम आला. त्याच्यात काही मुरत नाही, सगळं घरंगळून खाली कार्पेटवर येतं आणि सर्व्हिसिंगवाल्या पोराच्या व्हॅक्यूममध्ये जातं. मारुती ८०० आणि अँबेसेडर, दोन्ही २०१४ साली बनायच्या बंद झाल्या. तेव्हापासून माझं सापडणंही आटत चाललंय.

जुनी सीट उसवताना नाणी थराथराने निघतात. वर रुपया-दोन रुपये, मग गेंड्याचे चार आणे, त्याखाली षटकोनी वीस पैसे, आणि तळाशी चौकोनी पाच पैसे, इतके हलके की फुंकर मारली तर उडतील. चार आणे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली, म्हणजे या पैशांचा चहासुद्धा येत नाही. ती मी लिल्या चेवड्याच्या रिकाम्या डब्यात टाकते.

एकदा मात्र नाणं सीटमध्ये नव्हतं, दारात होतं. गाडी जुनी फियाट, दाराचं आतलं पॅड बदलायला आलेली. पॅड म्हणजे पुठ्ठ्यावर रेक्झीन, आणि कडेने क्लिपा. क्लिपा सोडवल्या तर आतल्या हँडलच्या दांडीला एक वायसर. तपकिरी, गोल, कडेला काहीतरी लिहिलेलं. रॉकेलच्या चिंधीने पुसलं तर भोकाचा पैसा! १९४३ साली, लढाईत तांब्याची टंचाई होती म्हणून मधोमध भोक पाडून काढलेला. इंग्रज जाईपर्यंत तो निघत होता. कुण्या मिस्त्रीच्या हाताशी वायसर नसेल, पैसा असेल. मी तो परत होता तिथेच बसवला. इतकी वर्षं हँडल खुळखुळलं नव्हतं, मी कशाला खुळखुळवू? मालकाला सांगितलं तर म्हणाला, "काढा, बाजारात हजार रुपये मिळतील." मिळत नाहीत हो. हे पैसे ढिगाने निघाले होते.

दाराचं निघालंच आहे तर एक सांगते, ऐकून ठेवा. काच वरखाली होते त्या फटीचं रबर झिजलं की पावसाचं पाणी दारात उतरतं. ते बाहेर जायला दाराच्या बुडाशी बारीक भोकं ठेवलेली असतात. त्याच फटीतून पार्किंगच्या पावत्या, मंदिरातली फुलं, बडीशेपेची पाकिटं आत जातात, त्यांचा लगदा होऊन भोकं बुजतात, पाणी साचतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून रंग फुगलेला दिसतो तोवर वेळ गेलेली असते. दार हलवल्यावर आत डबडब वाजलं तर आधी खालची भोकं टाचणीने मोकळी करा, मग माझ्याकडे या.

नोटांचं सांगते. २०१८ मध्ये एक काकू आल्या. काका वर्षभरापूर्वी गेलेले, गाडी विकायची होती, त्याआधी सीटा नीट करून हव्या होत्या. ड्रायव्हरच्या सीटची पाठ उसवली तर आत प्लास्टिकच्या पिशवीत पाचशेच्या जुन्या नोटा, अकरा. काकूंनी दोनदा मोजल्या. मग हसायलाच लागल्या. "माझ्यापासून लपवले मेल्याने. मी मागितले असते तर नाही म्हणायचा!" तेवढ्यात बाजूला थांबलेले एक वकीलसाहेब, आमचे जुने गिऱ्हाईक, म्हणाले, काकू, २०१७ च्या कायद्याने अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ बाळगणं गुन्हा आहे. काकूंनी एक नोट काढून माझ्या मशीनवर ठेवली. "ही तू ठेव. मी दहाच नेते." ती नोट अजून मशीनच्या खणात आहे, एकवीस नंबरच्या सुयांच्या पाकिटाशेजारी.

याच वकीलसाहेबांनी मला सांगितलं होतं की सापडलेली वस्तू ज्याच्या ताब्यात, ती सांभाळायची जबाबदारी त्याचीच, १८७२ च्या करार कायद्यात तसं कलमच आहे. मी म्हटलं, आणि गुप्तधन? तर म्हणे तो कायदा १८७८ चा, पण त्याला धन जमिनीत पुरलेलं लागतं, अँबेसेडरच्या सीटमधलं चालत नाही.

अण्णांचा नियम याहून सोपा होता. जे निघेल ते कागदाच्या पुडीत बांधायचं आणि गाडी आणणाऱ्याच्या हातात, तो एकटा असताना द्यायचं. पुडीवर काही लिहायचं नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याचं काहीतरीच. मग नवी असताना एकदा मी एक पैंजण सरळ नवऱ्यासमोर बायकोच्या हातावर ठेवलं. ते तिचं नव्हतं. पुढचं विचारू नका. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

कवळीसुद्धा सापडली आहे, वरची, अँबेसेडरच्या मागच्या सीटमध्ये. मालक फोनवर बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाले, "बाबांनी त्या कवळीपायी आमची मोलकरीण काढली होती."

पुराचं साल वेगळं. विश्वामित्री नदी शहरात शिरली की महिनाभर आम्हाला जेवायला फुरसत नसते. २०१९ च्या ३१ जुलैला दिवसभरात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर. गाड्या ओळीने येतात, सीटा, कार्पेट, दाराची पॅडं सगळं उघडं करून उन्हात. तेव्हा काही सापडत नाही, सगळं चिखलाच्या रंगाचं झालेलं असतं. इथल्याच अकोटा भागातून आलेल्या एका गाडीच्या सीटखाली दिवड निघाली, हातभर. दिवड बिनविषारी असते हे मला माहीत होतं, माझ्या पायांना नव्हतं. लोक विचारतात, मगर नाही निघाली? विश्वामित्रीत मगरी आहेत, तेव्हा वडोदऱ्यात हे विचारणं रास्तच आहे. अजून तरी नाही.

माझंही एक हरवलेलं आहे. आमची पांढरी मारुती व्हॅन आम्ही २०११ साली डभोईच्या एकाला विकली. तिच्या सीटा मीच शिवलेल्या, पाठीच्या कोपऱ्यात दुहेरी शिलाई घालायची माझी सवय आहे. विकून आठवडा झाला आणि लक्षात आलं, डाव्या कानाची फिरकी नाही. नवरा म्हणाला, जगाच्या गाड्या उसवतेस, आपलीच राहिली. आता पांढरी व्हॅन आली की मी आधी सीटच्या कोपऱ्यातली शिलाई बघते. परवाच एक आली होती. शिलाई एकेरी होती.