पडद्यावरचा शून्य हलेना: जावा स्विंगमधल्या एका बगचा माझा अनुभव

बाजार समितीतल्या वजनकाट्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम सांभाळतो. गाडी काट्यावर आली की वजन मोठ्या आकड्यात दिसतं, भरगाडी आणि रिकामी गाडी यांची वजाबाकी होते, पावती निघते. जावा भाषेत, खिडक्या आणि बटणं बनवायच्या तिच्या स्विंग लायब्ररीत लिहिलेला आहे आणि बरीच वर्षं बिनतक्रार चालू आहे. कांद्याच्या मोसमात काटा रात्रभर चालतो. तेव्हा काट्यावरचे काका म्हणाले, "भाऊ, रात्रीपुरता पडदा काळा करता आला तर बघा की. पांढऱ्याकडं बघून डोळ्यांतनं पाणी येतंय."

मागणी रास्त होती आणि काम अर्ध्या दिवसाचं वाटलं. स्विंगमध्ये चालू प्रोग्रॅमची थीम बदलता येते. बदलली की खिडकीतल्या प्रत्येक घटकाची अपडेटयूआय ही मेथड (नाव दिलेला कोडचा तुकडा) बोलावली जाते आणि तो घटक नवे रंग, नवे फॉन्ट घेतो. एकच अडचण होती. वजनाच्या आकड्याचा रंग आणि फॉन्ट मी थीमच्या रंगावरून आणि फॉन्टवरून स्वतः काढले होते. असे काढलेले रंग थीमच्या मालकीचे राहत नाहीत, त्यामुळे थीम बदलली तरी ते जुनेच राहतात. वजनाचं पॅनेल हा स्विंगच्या जेपॅनेल या तयार क्लासवरून (क्लास म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा) बनवलेला माझा क्लास. म्हणून त्यात अपडेटयूआय ओव्हरराइड केली, म्हणजे मूळ मेथडच्या जागी माझी लिहिली, आणि आकड्याचा फॉन्ट व रंग तिथे नव्याने लावले. दोन ओळींचं काम.

प्रोग्रॅम सुरूच होईना. नल पॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे जिथे ऑब्जेक्ट हवा तिथे नल, काहीच नाही. जावा 15 पासून हा संदेश आपोआप सविस्तर येतो, त्यामुळे नल कोण आहे हे लगेच कळलं: आकडा दाखवणारं लेबल. पण ते नल कसं असेल? ज्या ओळीत फील्ड (ऑब्जेक्टमधली किंमत ठेवायची जागा) जाहीर केलं, त्याच ओळीत नवीन जेलेबल तयार करून त्यात ठेवलं होतं.

मग नेहमीप्रमाणे प्रिंट टाकले. अपडेटयूआयच्या पहिल्या ओळीत फॉन्टचा आकार आणि लेबल, दोन्ही छापले. आकार आला 48, लेबल आलं नल. माझे दोन तास गेले ते इथेच. दोन्ही फील्ड एकाखाली एक, दोघांना जागच्या जागी किंमत दिलेली. एक भरलेलं आणि एक रिकामं, हे डोक्यात बसेना. आधीचं भरलंय म्हणजे फील्ड भरायला सुरुवात झाली आहे आणि लेबलच्या ओळीवर काहीतरी बिघडतंय, असं धरून मी लेबलच्या मागे लागलो. फॉन्ट फाइल तपासली, थीमची लायब्ररी काढून पाहिली.

उत्तर स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे एररसोबत येणाऱ्या कोणी कोणाला बोलावलं याच्या यादीत होतं. मी फक्त वरची ओळ वाचत होतो. सगळ्यात वर माझी अपडेटयूआय. तिच्या खाली एकापाठोपाठ तीन ओळी जेपॅनेलच्या कन्स्ट्रक्टरच्या (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड). आणि त्यांच्या खाली परत माझाच क्लास, माझा कन्स्ट्रक्टर. वर मी, खाली मी, आणि मध्ये जेपॅनेल. जेपॅनेलचा सोर्स उघडला. त्याचा साधा कन्स्ट्रक्टर दुसऱ्याला बोलावतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसऱ्याची शेवटची ओळ आहे: अपडेटयूआय. ती मी ओव्हरराइड केलेली, म्हणून चालली माझी.

जावामध्ये ऑब्जेक्ट तयार होताना सगळी फील्ड आधी कोरी असतात: नल, शून्य, फॉल्स. मग सुपरक्लासचा (ज्यावरून आपला क्लास बनवला त्याचा, इथे जेपॅनेलचा) कन्स्ट्रक्टर पूर्ण चालतो. तो संपल्यावरच आपल्या फील्डसमोर लिहिलेल्या किमती वरून खाली एकेक करून भरल्या जातात, आणि शेवटी आपल्या कन्स्ट्रक्टरचं उरलेलं अंग चालतं. म्हणजे जेपॅनेल जेव्हा माझी मेथड बोलावत होता, तेव्हा माझ्या क्लासचं एकही फील्ड भरलेलं नव्हतं. मग 48 आला कुठून? तो आकडा मी फायनल, म्हणजे पुढे न बदलणारा, असा लिहिला होता. फायनल आणि थेट आकडा असेल तर कंपायलर ती किंमत वापराच्या जागीच लिहून टाकतो, फील्ड वाचायला जातच नाही. फायनल काढून पाहिलं, आकार शून्य आला. तेव्हा खरा जीव भांड्यात पडला.

आमच्या ऑफिसातल्या एक ताई पूर्वी सी प्लस प्लसमध्ये काम करायच्या. त्यांना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अरे, असं होणारच नाही. पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरमधून पॅरेंटचीच मेथड चालते." त्यांच्या भाषेपुरतं ते बरोबर आहे. तिथे पॅरेंट बनत असताना व्हर्च्युअल (ओव्हरराइड करता येणारी) मेथडसुद्धा पॅरेंटचीच लागते. जावा मात्र ऑब्जेक्ट अर्धवट असला तरी सरळ सबक्लासची (त्यावरून बनवलेल्या क्लासची) मेथड चालवतो. दोन भाषांमध्ये ये-जा करणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावाच.

कारण कळलं, पण पहिला उपाय मी चुकीचा केला, आणि तो बगपेक्षा वाईट निघाला. अपडेटयूआयमध्ये लिहिलं: लेबल नल असेल तर इथेच तयार कर आणि पॅनेलवर लाव. कन्स्ट्रक्टरमधली लेबल लावायची ओळ काढली. प्रोग्रॅम सुरू झाला, पडदा काळा झाला, आकडा छान मोठा दिसला. शून्य. काट्याच्या ऐवजी जोडलेल्या चाचणीच्या पोर्टवरून वजन पाठवलं. शून्य. पावतीवर वजन बरोबर, लॉगमध्ये बरोबर, एरर कुठेच नाही आणि पडद्यावरचा शून्य जागचा हलत नाही. हा प्रकार काट्यावर गेला असता तर गाडीवाल्याला समोर शून्य दिसत असताना हातात पावती मिळाली असती, आणि त्या माणसाचा काट्यावरचा विश्वास उडाला असता.

यावेळी मी आधी क्रम कागदावर लिहिला. जेपॅनेलच्या कन्स्ट्रक्टरमधून अपडेटयूआय चालते, लेबल तयार होतं, पॅनेलवर लागतं. मग जेपॅनेल संपतो. मग माझ्या फील्डची पाळी येते, आणि जाहीर करतानाची ती ओळ दुसरं नवीन लेबल बनवून पहिल्याच्या जागी ठेवते. दोन्ही ठिकाणी लेबलचा आयडेंटिटी हॅशकोड (ऑब्जेक्टच्या ओळखीचा आकडा) छापला. आकडे वेगळे आले. पडद्यावर एक लेबल होतं आणि मी वजन दुसऱ्यालाच सांगत होतो. त्या ओळीत नवीन लेबलऐवजी "= नल" लिहिलं असतं तरी भरलेलं फील्ड पुन्हा कोरं झालं असतं. बरेच जण ते सवयीने लिहितात. फील्ड नुसतं जाहीर करणं आणि त्यात नल ठेवणं एकच, असं मीही समजत होतो. इथे तसं नाही.

शेवटी केलं ते साधं आहे. लेबल पुन्हा जाहीर करतानाच बनवलं आणि कन्स्ट्रक्टरमध्ये पॅनेलवर लावलं. रंग आणि फॉन्ट लावायची एक प्रायव्हेट मेथड केली. अपडेटयूआय आधी सुपरची अपडेटयूआय चालवते, मग लेबल नल नसेल तरच ही मेथड बोलावते. आणि कन्स्ट्रक्टरच्या शेवटी तीच मेथड एकदा मी स्वतः बोलावतो, कारण पहिली हाक वाया गेलेली असते. जावा 25 मध्ये सुपरक्लासच्या कन्स्ट्रक्टरच्या आधी आपली फील्ड भरता येतात, त्यामुळे तिथे हे आणखी सरळ होईल. पण काट्यावरच्या मशीनवर जावा 17 आहे आणि भर मोसमात मी त्याला हात लावणार नाही.

जाता जाता बाकीचा कोडही तपासला. जावा 21 च्या कंपायलरमध्ये धिस एस्केप नावाची सूचना चालू करता येते, ती कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड बोलावली की टोकते. तिने माझ्याच एका क्लासवर बोट ठेवलं. सगळ्या खिडक्यांचा तो मूळ क्लास, आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये खिडकीची मांडणी करणाऱ्या ॲबस्ट्रॅक्ट मेथडला (जिचा कोड सबक्लासने लिहायचा) हाक. जे जेपॅनेलने माझ्याशी केलं, तेच मी माझ्या सबक्लासेसशी करत होतो. त्यातल्या दोन खिडक्यांमध्ये फील्डला किंमत न देण्याचं कारण आता कळलं. पूर्वी कधीतरी काहीतरी बिघडलं असणार आणि कुणीतरी ती किंमत काढून टाकली असणार. मांडणीची हाक कन्स्ट्रक्टरमधून काढून खिडकी उघडायच्या मेथडमध्ये नेली.

रात्री दहाच्या सुमारास काट्यावर जाऊन नवीन आवृत्ती बसवली. कांद्याचा ट्रॅक्टर काट्यावर चढला, काळ्या पडद्यावर आकडे पळाले आणि थांबले. काकांनी पडदा एकदा पांढरा करून पाहिला, परत काळा केला, आणि पावती फाडून ट्रॅक्टरवाल्याच्या हातात दिली.